खंडेनवमीला उघडं राहणारं गॅरेज

आमच्या कंधारात खंडेनवमीच्या दिवशी गाडी बंद पडू नये. त्या दिवशी गावातले सगळे मिस्त्री आपापले पाने-पेचकस धुऊन फळीवर मांडतात, हळदकुंकू वाहतात, वर झेंडूचं फूल ठेवतात, आणि मग दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्या हत्यारांना कुणी बोट लावत नाही. समोर आमदाराची गाडी येऊन उभी राहिली तरी लावत नाहीत. अशा दिवशी गावात एकच शटर उघडं असायचं. मुखेड रोडवर, माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर, मारोती सोनकांबळे मिस्त्रींचं.

मिस्त्री बौद्ध. पूजा ते करत नसत, पण त्या दिवशी सकाळी डिझेलच्या डब्यात एकेक पाना बुडवून, घासून, फडक्यानं असा लख्ख पुसायचे की आमची हळदकुंकवाची हत्यारं त्यापुढं मळकट दिसावीत. मी एकदा चिडवलं, "मिस्त्री, फूल तेवढं राहिलं बघा." तर म्हणाले, "फुलं तुमच्या शेतात हायत, बालाजीराव. आमच्याकडं काम हाय." दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्यांचं शटर बंद. पांढरा सदरा घालून वहिनींबरोबर विहारात जायचे, एखाद्या वर्षी नागपूरला. नवमीला मात्र ते गॅरेजात असणारच. कुणाचं अडलं तर गावात एक तरी माणूस जागेवर पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

वीस-बावीस वर्षं मी त्यांच्यासमोर दुकान चालवलं. त्यांच्या जिवावर चालवलं म्हटलं तरी चालेल, कारण ते जो पार्ट लिहून द्यायचे तोच गिऱ्हाईक मागायचं, आणि ते नको म्हणाले तर चांगला खपणारा माल माझ्या फळीवर धूळ खात पडायचा. यावरून आमचे खटके उडायचे. "जरा दोन नोझल जास्त बदलले तर गाडीला काय पाप लागतं का?" असं मी म्हणायचो. ते म्हणायचे, "गाडीला न्हाई लागत. मला लागतं." आणि पुन्हा बॉनेटखाली डोकं घालायचे.

बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. मूळचे जळकोटकडचे, पण तरुणपणीच इकडं आले आणि इथलेच झाले. खांद्यावर कायम एक फडकं, तेही रोज धुतलेलं. एक खोड मोठी मजेची होती. दुपारी जेवायला ते दुरुस्तीला आलेल्या गाडीतच बसायचे. घर मागंच होतं, वहिनी हाक मारायच्या, पण हा माणूस भाकरीचा रुमाल घेऊन कुणाच्या तरी टेम्पोत ड्रायव्हरच्या सीटवर. विचारलं तर उत्तर ठरलेलं. "ज्याच्या घरचं दुखणं बघायचं त्याच्या घरी घटकाभर बसावं." टेम्पोवालेही कौतुकानं सांगायचे की आमच्या गाडीत मिस्त्री जेवले.

त्यांच्या कानाबद्दल गावात इतक्या गोष्टी होत्या की निम्म्या खोट्याच असणार. पण माझ्या जुन्या जीपची गोष्ट खरी, कारण ती रोजची होती. मी शेतातून येताना वळणावर असतानाच ते मान वर न करता म्हणायचे, "बालाजीराव आले." आणि मी उतरलो की, "क्लचप्लेट लई दिवसापासून बोलायलीय. ऐका तिचं." नुसती माझीच नाही, रस्त्यावरून जाणारी प्रत्येक ओळखीची गाडी त्यांना पाठमोरं असताना कळायची. एकदा तर बसस्टँडकडं जाणारी एसटी ऐकून म्हणाले, "ही लोह्याच्या चढाला बसणार." ती बसली. आम्ही ती गोष्ट चार वर्षं सांगितली.

काम करायची पद्धत अशी होती. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेव्हा कुणी बोललं की त्यांचा डावा हात वर व्हायचा, आणि तो वर झाला की गप्प बसायचं हे चहावाल्यालाही माहीत होतं. मग दुसरी पायरी. उजव्या हाताची पहिली दोन बोटं नोझलच्या, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, पाइपावर ठेवायची, वैद्य नाडी बघतो तशी. प्रत्येक नोझलला डिझेलचा ठोका बसतो, तो बोटांना लागतो. आणि तरीही शंका राहिली तर तिसरी पायरी. इंजिन चालू ठेवून एकेका पाइपाचं नट अर्धा आटा ढिलं करायचं. जे ढिलं केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीच मेलेलं. फडक्यानं डिझेल पुसलं, नट कसलं, की निदान झालं. भारतातले सगळे जुने मिस्त्री असंच करत आले. मिस्त्रींना मात्र तिसऱ्या पायरीवर जायची वेळ फार कमी यायची.

"इंजन खोटं बोलत न्हाई, मालक बोलतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. बिलोलीकडचा एक रेतीचा टिप्परवाला आला होता. गाडी गरम कधीच झाली नाही असं छातीठोक सांगत होता. मिस्त्रींनी पेचकस लावला, काढला.

"पाणी संपलं होतं आन तुमी तशीच पळवली. किती? धा किलोमीटर?"

"न्हाई मिस्त्री. आईची शप्पथ."

मिस्त्रींनी बॉनेट हळूच बंद केलं. "मग दुसरीकडं दाखवा. तुमी आईचं नाव घेतलं, आता मी काय बोलू?"

तो तणतणत चहाच्या टपरीवर गेला. दहा मिनिटांनी परत आला, खाली बघत म्हणाला, "बारा." मिस्त्रींनी पाना उचलला आणि हेड खोलायला बसले. तो टिप्परवाला नंतर वर्षानुवर्षं त्यांचंच गिऱ्हाईक राहिला.

मग नवी इंजिनं आली. एका दिवसात आली नाहीत. आधी एखादी, मग चार, मग बघता बघता रस्त्यावर निम्म्या पिकअप त्याच. बॉनेट उघडलं तर वर काळं प्लास्टिकचं झाकण, आत वायरींचं जाळं, आणि आवाज असा मऊ की डिझेलची गाडी आहे यावर विश्वास बसू नये. त्या मऊपणाचं कारण मला एका कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं. पूर्वी डिझेल एकदाच धाडकन पडायचं, आता कॉम्प्युटर ते थोडं थोडं, मोजून, एका ठोक्याचे तीन-चार तुकडे करून सोडतो. मी ते मिस्त्रींना सांगितलं. ते "म्हंजे जे दुखतंय तेबी हा कॉम्प्युटर दाबून टाकत असंल," असं म्हणाले. आणि खरंच होतं ते. इंजिनात बिघाड झाला की कॉम्प्युटर जमेल तेवढं सांभाळून घेतो, पिवळा दिवा लावतो आणि ताकद कमी करतो. कानाला फार काही कळत नाही. मिस्त्री म्हणायचे, "हे इंजन लपवून राहिलंय." पेचकस लावून ते एवढा वेळ उभे राहायचे की बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं.

मिस्त्रींना एकाच गोष्टीची भीती होती, रिकामं बसायची. गरिबीची नव्हती, ती त्यांनी बघितलेली होती. मला त्यांनी स्वतःच सांगितलं होतं एका दुपारी, जुन्या टेम्पोत भाकरी खाताना. "बालाजीराव, ह्या दोन हातावर आन कानावर मी माणसात आलो. लोक दारात येतात, मिस्त्री म्हणतात, खुर्ची देतात. ते का म्हून देतात, मला माहीत हाय. हे गेलं की मी परत जळकोटचा मारत्या." मी काहीतरी हसण्यावारी नेलं. आपल्याला कुणी खरं सांगितलं की आपण हसण्यावारीच नेतो.

त्याच सुमारास ती लाल गाडी आली. हैदराबादचा कुणी पैसेवाला देगलूरकडून लातूरला चालला होता, गाडी आमच्या फाट्यावर बंद पडली. जमिनीला टेकलेली, दोनच माणसं बसतील अशी शर्यतीची गाडी. अर्धं कंधार बघायला लोटलं. कुणीतरी मिस्त्रींना बोलावून आणलं. त्यांनी पुढचं झाकण उघडायला सांगितलं, तर आत इंजिनच नाही, एक चामड्याची बॅग. लोक हसले. मिस्त्रीही हसले. इंजिन मागं होतं, काचेखाली, दागिन्यासारखं मांडून ठेवलेलं. मालक तरणाबांड, पण स्वभावानं चांगला होता. हात लावू नका म्हणाला, कंपनीची गाडी उचलून न्यायला निघाली आहे म्हणाला.

मिस्त्री म्हणाले, "हात न्हाई लावत. चालू व्हायलीय का? एकदा चालू करा. ऐकतो फक्त."

त्यानं केली. चालू होऊन अर्ध्या मिनिटात ती आपोआप बंद पडत होती. मिस्त्रींनी तीनदा चालू करायला लावली. डोळे मिटून उभे राहिले, डावा हात वर. एवढी गर्दी, पण सगळे गप्प. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"लई सुंदर हाय," ते म्हणाले. "पण मला कळलं न्हाई."

'मला कळलं नाही' हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. गर्दीतल्या कुणाला त्यात काही वाटलं नाही, लोक फोटो काढायला धावले. मी मात्र त्यांच्याबरोबर चालत परत आलो. वाटेत ते त्या आवाजाचंच बोलत होते, एखाद्या गवयाबद्दल बोलावं तसं.

त्यांना एकच मुलगी, प्रज्ञा. लातूरला डिप्लोमा करून तिथल्याच एका गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये लागली. गाडी आली की स्कॅनर लावायचा, कॉम्प्युटर काय म्हणतो ते वाचायचं, हे तिचं काम. मिस्त्रींना तिचा केवढा अभिमान. "माझी पोरगी इंजनाला हात न लावता सांगते," असं ते मलाच दहादा सांगायचे. दर रविवारी ती यायची आणि दर रविवारी बापलेकीचं वाजायचं. ती म्हणायची, "बाबा, कॉमन रेलच्या, ह्या नव्या इंजिनाच्या गाड्या दुरुस्तीला घेऊ नका. घेतल्या तर पायपाला हात लावू नका. त्यात किती प्रेशर असतं माहीत आहे का? डिझेल कातडी फोडून आत जातं." तिनं त्यांना एक छोटा स्कॅनर आणून दिला. मोबाइलवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे यायचे. मिस्त्री ते आकडे कागदावर उतरवून घ्यायचे, तिला फोन करायचे, ती अर्थ सांगायची. असं वर्षभर चाललं. चालत होतं, हे महत्त्वाचं. मला तर वाटलं होतं, म्हातारा निभावून नेणार.

लातूरला मिस्त्री लोकांचा एक मेळावा झाला, कंपनीनं भरवलेला. टोपी, टी-शर्ट, जेवण. मीही गेलो होतो, पार्टवाल्यांना बोलावणं होतं. पडद्यावर इंजिनाची चित्रं दाखवणाऱ्या साहेबानं सांगितलं, "चालू इंजिनावर इंजेक्टरचा, म्हणजे नोझलचा, पाइप ढिला करायचा नाही. कधीच नाही." मागं बसलेले मिस्त्री हसले, कारण तिथल्या प्रत्येकाचं आयुष्य तेच करण्यात गेलं होतं. आमचे मिस्त्री हसले नाहीत. पहिल्या रांगेत बसून त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. म्हणजे त्यांना माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्यांना सगळं माहीत होतं. मलाही माहीत होतं.

आता त्या नवमीचं सांगतो. हे सांगायचं टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

जुनी जीप विकून मी नवी पिकअप घेतली होती. मिस्त्रींनी तिला पहिल्या दिवशी चौफेर बघितलं, ड्रायव्हरच्या सीटवर बसून भाकरी मात्र खाल्ली नाही. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. त्या वर्षी आमच्या शेतात झेंडू जोरदार आला होता. दसऱ्याचा झेंडू म्हणजे दोन दिवसांचा खेळ, नवमीला बाजारात पोचला तर सोनं, नाही तर उकिरडा. पहाटे तोडून, हौद्यात गच्च भरून, पुढच्या सीटवरही दोन पोती टाकून मी नांदेडला निघालो. गावात येईपर्यंत पिवळा दिवा लागला. गाडी मिस मारायला लागली. ताकद नाही, नुसती थरथर. कंपनीच्या वर्कशॉपला फोन केला, तर आज पूजा, परवा या. गावातली सगळी शटरं बंद, हत्यारं फळीवर.

मिस्त्री पाने घासत बसले होते. मी गाडी दारात लावली.

त्यांनी आधी स्कॅनरच लावला. आकडा आला, तो त्यांनी कागदावर लिहिला. प्रज्ञाला फोन केला. घंटा वाजत राहिली. परत केला. तिच्या वर्कशॉपातही खंडेनवमी होती. सगळ्यांचे मोबाइल बाजूच्या खोलीत, आणि ही पोरं पूजेच्या रांगेत उभी. मिस्त्री म्हणाले, "घटकाभर थांबू. तिचा फोन येतो."

मी घड्याळ बघितलं. आठ वाजून गेले होते. हौद्यातल्या फुलांना खालून गरमी चढत होती, वास यायला लागला होता. मी म्हणालो, "मिस्त्री, फोनची वाट बघत बसलो तर फुलांचा चिखल होईल. तुमच्या पद्धतीनं बघा की. आजपर्यंत काय फोनवर गाड्या नीट केल्या का तुमी?"

हे वाक्य मी बोललो. ते चिडवल्यासारखं बोललो, नेहमीच्या सुरात. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मला आता वाटतं, त्यांना बरं वाटलं असावं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांना त्यांच्या पद्धतीनं बघा म्हणालं होतं.

त्यांनी झाकण काढलं. इंजिन चालू करायला लावलं. पेचकस लावला, बराच वेळ ऐकलं, मान हलवली. मग बोटं पाइपावर ठेवली. मग पाना घेतला. पहिलं नट ढिलं केलं, अगदी केसभर, आणि कसलं. दुसरं केलं, कसलं. तिसऱ्याला त्यांनी डाव्या हातानं पाना फिरवला, उजव्या हाताची दोन बोटं पाइपावरच होती. फुस्स असा बारीक आवाज झाला आणि त्यांनी हात मागं घेतला.

"काय झालं?"

"काही न्हाई. काटा टोचल्यावानी झालं." पहिल्या बोटाच्या पेरावर रक्ताचा एक ठिपका होता. फडक्यानं पुसला, नट कसलं. "तीन नंबर मेलाय बघा. नोझलला हुकूमच येईना वरून. वायर बघावी लागंल. पर नांदेडपर्यंत जाईल, हळू न्या."

मी म्हणालो, "हात दाखवून घ्या कुणाला."

"जावा तुमी. फुलं सुकतील."

मी गेलो. गाडी नांदेडलाच चालली होती, मोठे दवाखाने नांदेडलाच आहेत, आणि माझ्या शेजारच्या सीटवर झेंडूची दोन पोती होती. ती खाली उतरवून त्यांना बसवायचं माझ्या मनात आलं नाही. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. ती कुणाबद्दल आहे ते तेव्हा कळलं नव्हतं.

बाजारात फुलं उतरवत असताना फोन आला. प्रज्ञा होती. पूजा झाल्यावर तिनं बापाचे दोन कॉल बघितले, फोन लावला, आणि टोचल्याचं कळलं होतं.

"काका, बाबांना तुमी गाडीत घेतलंय ना?"

 मी म्हणालो, "अगं, बारीक टोचलंय."

"बारीकच टोचतं," ती म्हणाली.  "आत डिझेल गेलंय, काका. ते आत पसरतं. ते बाहेरून दिसत न्हाई."

मी रिकामी गाडी घेऊन परत निघालो. तीन सिलिंडरवर, थरथरत. ती वाट मला कधी एवढी लांब वाटली नाही. गावात एका डॉक्टरनं धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन त्यांना घरी पाठवलं होतं. मी पोचलो तेव्हा मिस्त्री गॅरेजातच बसलेले. हात मनगटापर्यंत सुजलेला, बोट काळंनिळं. चेहऱ्यावर घाम. वहिनी पदरानं वारा घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "मघापासून म्हणायलेत, बालाजीराव येतील, त्यांची गाडी हाय." त्याच गाडीत, झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या सीटवर, त्यांना बसवून मी दुसऱ्यांदा नांदेडला गेलो. वाटेत ते कण्हत नव्हते. लोह्याच्या चढाला एकदाच म्हणाले, "तीन नंबरच हाय ना?" मी हो म्हणालो.

दवाखान्यात संध्याकाळी हात उघडला. आतून सगळं डिझेलनं जळाल्यासारखं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, टोचल्या टोचल्या आणलं असतं तर वेगळं झालं असतं. त्यांनी ते प्रज्ञाला सांगितलं, माझ्याकडं बघून नाही. मी ऐकायला उभा होतो. तीनदा ऑपरेशन झालं. पहिली दोन बोटं गेली, तळहाताचा तुकडा गेला. राहिलेली बोटं आहेत, पण ती वळत नाहीत.

दसऱ्यानंतर पिकअप कंपनीत नेली. तिथल्या माणसानं स्कॅनर लावला, दोन मिनिटांत म्हणाला, तीन नंबरच्या इंजेक्टरची वायर उंदरानं कुरतडली आहे. वायर जोडली, टेप लावली, झालं. मिस्त्रींचं निदान बरोबर होतं. मी ते त्यांना येऊन सांगितलं. सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला होता. त्यांनी ऐकलं. "बरोबर होतं का?" असं पुन्हा एकदा विचारलं, आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

माफी मी मागितली. त्यावर ते म्हणाले, "तुमी काय केलं? पाना माझ्या हातात होता." हे ऐकून मला हलकं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. प्रज्ञानं मात्र मला काही म्हटलं नाही, चांगलं नाही, वाईट नाही. ती बापाला लातूरला चला म्हणते. ते जात नाहीत. "तिथं मी काय करू? तुझ्या वर्कशॉपात बसून आकडे बघू?" ती स्वतःलाच दोष देते, फोन खोलीत का ठेवला म्हणून. वहिनी नशिबाला देतात. दोष वाटून घ्यायला आम्ही एवढे जण आहोत, तरी तो कमी होत नाही.

गिऱ्हाईक हळूहळू तुटलं. जुन्या गाड्या भंगारात गेल्या, नव्या कंपनीत जाऊ लागल्या. लोक आधी चौकशीला यायचे, मग रस्त्यावरूनच हात करायचे, आता तेही नाही. समोरच्या बाकावर मिस्त्री फडकं खांद्यावर टाकून बसलेले असतात. माझ्या दुकानात बसायला बोलावलं तर येतात, चहा घेतात. डाव्या हातानं कप धरतात, उजवा हात मांडीवर फडक्याखाली ठेवतात. जुन्या गाडीचा आवाज आला की मान वळते. पण असे आवाज आता दिवसाला दोन-चार येतात.

यंदाच्या खंडेनवमीला मी परत झेंडू घेऊन नांदेडला निघालो होतो. गावातली सगळी शटरं बंद होती. मुखेड रोडला वळलो तर एक शटर उघडं. मिस्त्री रस्त्याकडं पाठ करून जमिनीवर बसले होते. समोर डिझेलचा डबा. दोन्ही तळपायांत एक पाना घट्ट धरून ते डाव्या हातानं तो घासत होते. घासलेले पाने फडक्यावर ओळीनं मांडलेले, सगळे लख्ख. त्या पान्यांना कुणी वर्षभर हात लावलेला नव्हता.

मी गाडी हळू केली. त्यांच्यापासून दहा पावलांवर येऊन थांबलो. इंजिन चालूच होतं, चारही सिलिंडर नीट, आवाज मऊ, पंख्याइतका. मी वाट बघितली. आत्ता म्हणतील, आत्ता मान वर न करता म्हणतील, बालाजीराव आले.

मिस्त्रींनी पाना डब्यात बुडवला, काढला, उजेडात धरून बघितला. गॅरेजासमोर गाडी उभी आहे हे त्यांना कळलंच नव्हतं.

हॉर्न वाजवायला माझा हात गेला होता. तो मी मागं घेतला, आणि आवाज होणार नाही अशा बेतानं गाडी पुढं काढली.